मोअर उन्हाळ्यात बिघडत नाही

एप्रिल उजाडला की ओळखीपाळखीतून ठरावीक फोन सुरू होतात. "गेल्या ऑक्टोबरपर्यंत एका झटक्यात सुरू व्हायचा, आता दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली." "दुकानवाला म्हणतो कार्ब्युरेटर बदला. अहो, मोअर दोनच वर्षांचा आहे!" शिवाय दर दोन-तीन वर्षांनी कुणाच्या तरी बाबांनी विचारलेलं असतं, "गॅसवर चालतो म्हणजे सिलिंडर कुठे लावायचा?" अमेरिकेत ज्याला गॅस म्हणतात ते आपलं पेट्रोल, एवढं सांगितलं की हा तिसरा प्रश्न मिटतो. पहिल्या दोघांसाठी हा लेख आहे.

न्यू जर्सी, ओहायो, मिशिगन, इलिनॉय अशा थंडीच्या राज्यांत तुम्ही घर घेतलं असेल आणि गवत कापायचा, मागून ढकलत न्यायचा पेट्रोलचा मोअर गॅरेजमध्ये असेल, तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या. मोअर उन्हाळ्यात काम करून सहसा बिघडत नाही. तो बिघडतो नोव्हेंबर ते मार्च, जुनं पेट्रोल पोटात घेऊन गॅरेजच्या कोपऱ्यात नुसता उभा राहून. माझा पहिला मोअर असाच गेला. नोव्हेंबरमध्ये गवत वाढायचं थांबलं, मी मोअर कोपऱ्यात सरकवला आणि विसरलो. एप्रिलमध्ये कार्ब्युरेटर उघडला तेव्हा आत मधासारखा पिवळा चिकट थर जमला होता. दुरुस्तीच्या बिलात थोडी भर घातली असती तर नवा मोअर आला असता.

स्कूटरचं ज्ञान: काय आणायचं, काय विसरायचं

आपल्यापैकी पन्नाशीच्या आसपासच्या मंडळींचं इंजिनाचं शिक्षण स्कूटरवर झालंय. ते वाया गेलेलं नाही. प्लग काढून पाहणं, कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय का ते ओळखणं, जास्त चोक देऊन इंजिन ओव्हरफ्लो झालं की थोडं थांबणं, हे सगळं इथेही चालतं. पण तीन सवयी तिथेच सोडून यायला हव्यात.

पहिली म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणं. जुन्या चेतकचं इंजिन टू-स्ट्रोक होतं. आजचे जवळजवळ सगळे ढकलायचे मोअर फोर-स्ट्रोक आहेत. त्यांचं ऑइल वेगळं भरायचं असतं आणि टाकीत निव्वळ पेट्रोल. टाकीत ऑइल गेलं तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो. उलट, मोअर नवा आणून फक्त पेट्रोल भरून सुरू केला तर इंजिन जाम होतं, कारण खोक्यातून येताना बहुतेक मोअरमध्ये ऑइल भरलेलं नसतं. खोक्यातली ती छोटी बाटली कशासाठी होती हे नंतर कळून उपयोग नाही.

दुसरी सवय, स्कूटर सुरू झाली नाही की ती तिरकी करायची आणि मग किक मारायची. मोअर असा कुठल्याही बाजूला कलंडवला तर ऑइल एअर फिल्टरमध्ये आणि कार्ब्युरेटरमध्ये शिरतं, आणि पुढच्या वेळी सुरू केल्यावर पांढऱ्या धुराचा ढग उठतो. कलंडवायचाच असेल तर एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरची बाजू वर ठेवा. काही इंजिनांना प्लग वर आणि हँडल जमिनीकडे अशी मागे कलंडवण्याची पद्धत सांगितलेली असते. तुमच्या पुस्तिकेत चित्र असतं, ते बघा.

तिसरी सवय म्हणजे रबरी नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढणं. याबद्दल काही लिहायची गरज पडू नये, पण पडते. हाताने दाबायचा छोटा पंप काही डॉलरांत मिळतो. पेट्रोलचा एक घोट फुप्फुसात गेला तर न्यूमोनियासारखं दुखणं होतं.

पेट्रोल: अर्धा लेख इथेच आहे

अमेरिकेतल्या पंपावरच्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. गाडीत ते आठवड्या-दोन आठवड्यांत जळून जातं, त्यामुळे काही बिघडत नाही. मोअरच्या टाकीत आणि डब्यात मात्र ते महिनोन् महिने पडून राहतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं, आणि कार्ब्युरेटर नेमकं तळचंच पितो. त्याच वेळी पेट्रोलचे हलके घटक उडून जातात आणि मागे चिकट थर उरतो. कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं. ते बुजायला कितीसा थर लागणार? म्हणून पेट्रोल आणल्यापासून साधारण ३० दिवसांत वापरून टाका.

यातून काही साधे नियम निघतात:

- ५ गॅलनचा डबा घेऊ नका. ढकलायच्या मोअरच्या टाकीत जेमतेम लिटरभर पेट्रोल मावतं. १ किंवा २ गॅलनचा डबा बहुतेक घरांना पुरतो, आणि त्यातलं पेट्रोल जुनं व्हायच्या आत संपतं.
- डबा लाल घ्या. पिवळा डिझेलचा, निळा केरोसिनचा. जुलै २०२३ नंतर बनलेल्या डब्यांच्या तोंडाशी ज्वाळा आत शिरू नये म्हणून जाळी किंवा तशी सोय असणं फेडरल कायद्याने बंधनकारक आहे. आधीच्या मालकाने गॅरेजमध्ये ठेवून दिलेला जुना डबा फुकट मिळाला म्हणून वापरू नका.
- पंपावर डबा गाडीच्या डिकीत ठेवून भरू नका. जमिनीवर ठेवा, नोझल डब्याच्या काठाला टेकवा आणि वर थोडी जागा सोडा. डिकीतल्या कार्पेटवर किंवा पिकअपच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.
- "ई १५" किंवा "अनलेडेड ८८" असं लिहिलेल्या पंपापासून लांब राहा. ते काही सेंट स्वस्त असतं. पण मोअरसारख्या लहान इंजिनांत १५ टक्के इथेनॉल वापरायला फेडरल नियमांची मनाई आहे, आणि त्या पंपावरच्या लेबलवर तसं लिहिलेलंही असतं.
- डब्यावर टेप लावून त्यावर तारीख लिहा. लोणच्याच्या बरणीवर लिहितो तशी.

काही दुकानांत इथेनॉल नसलेलं डबाबंद पेट्रोल मिळतं. ते महाग आहे, उन्हाळाभर वापरणं परवडणार नाही. पण वर्षातली शेवटची टाकी त्याची असेल तर हिवाळ्याची निम्मी काळजी मिटते.

हात घालण्याआधी

पात्याजवळ हात न्यायचा असेल, मग ते गवताचा गोळा काढायला का असेना, तर आधी इंजिन बंद करा, पातं थांबू द्या आणि प्लगवरची रबरी टोपी उपसून बाजूला ठेवा. तिन्ही गोष्टी, दरवेळी. तिसरी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. इंजिन बंद असलं तरी हाताने पातं फिरवलं की पिस्टन हलतो, आणि प्लगला तार जोडलेली असेल तर इंजिन क्षणभर सुरू होऊ शकतं. बोट जायला तो क्षण पुरतो. बटणाने सुरू होणारा मोअर असेल तर किल्ली काढा, बॅटरीही काढा.

हँडलवरचा आडवा दांडा सोडला की पातं थांबतं, ती सोय उगीच दिलेली नाही. १९८२च्या मध्यापासून अमेरिकेत बनणाऱ्या ढकलायच्या मोअरना फेडरल नियम लागू आहे: दांडा सोडल्यापासून ३ सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. हात दुखतो म्हणून तो दांडा दोरीने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत, त्यातला एक इंजिनिअर होता. हा जुगाड करू नका. दांडा सोडून तीन आकडे मोजेपर्यंत पातं थांबत नसेल तर ब्रेक झिजलाय. दुरुस्त होईपर्यंत मोअर वापरू नका.

शेवटच्या कापणीनंतर: कामं आणि त्यांचा क्रम

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुसून, हळदकुंकू लावून त्यांची पूजा होते. इथल्या थंड राज्यांत नवरात्र नेमकं गवताची वाढ मंदावते तेव्हा येतं, आणि शेवटची कापणी दिवाळीच्या आगेमागे होते. त्यामुळे मला तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. खंडेनवमीला ऑइल, प्लग, फिल्टर असं सामान आणायचं आणि दिवाळीनंतरच्या एखाद्या कोरड्या शनिवारी काम उरकायचं. टेक्सास-फ्लोरिडासारख्या ठिकाणी ही विश्रांती लहान असते. पण मोअर महिन्याहून जास्त उभा राहणार असेल तर नियम तेच.

साधारण दीड-दोन तासांचं काम आहे. क्रम मात्र बदलू नका, कारण एक काम दुसऱ्याला सोपं करतं. आधी टाकी रिकामी झाली की मोअर कलंडवताना पेट्रोल सांडत नाही. टाकी रिकामी करताना इंजिन चालतं, म्हणून ऑइल गरम आणि पातळ होतं आणि घाण घेऊन सहज बाहेर पडतं.

१. टाकी. इंजिन थंड असताना, उघड्यावर, पंपाने पेट्रोल डब्यात काढा. मग इंजिन सुरू करा आणि आपणहून बंद पडेपर्यंत चालू द्या. बंद पडल्यावर चोक देऊन पुन्हा एकदा सुरू करा, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीतले उरलेसुरले थेंबही जळतील. हे गॅरेजचं दार उघडं ठेवून आत करू नका. ड्राइव्हवेवर, घरापासून लांब करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

२. ऑइल. प्लगची टोपी काढा. इंजिन कोमट असताना ऑइल तसराळ्यात काढा. बऱ्याच मोअरना खाली बूच नसतं, डिपस्टिकच्या तोंडातून मोअर कलंडवून ऑइल काढावं लागतं. नवं ऑइल बहुधा एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३० असतं आणि अर्ध्या लिटरच्या आसपास लागतं. नेमकं माप पुस्तिकेत असतं. मापापेक्षा थोडं कमी ओता, मिनिटभर थांबा, डिपस्टिक बघा, मग थोडं थोडं वाढवा. जास्त भरलेलं ऑइल कमी भरलेल्याइतकंच त्रास देतं. काही कंपन्यांची डिपस्टिक पूर्ण आटे फिरवून वाचायची असते, काहींची नुसती टेकवून. या एका फरकाने कित्येक मोअरमध्ये जास्तीचं ऑइल भरलं गेलंय. काही नव्या इंजिनांत ऑइल बदलायचंच नसतं, फक्त कमी झालं तर घालायचं असतं. तुमचं तसलं असेल तर ही पायरी सोडा.

जुनं ऑइल गटारात, गवतावर किंवा कचऱ्यात टाकणं बऱ्याच ठिकाणी बेकायदा आहे. बाटलीत भरून ऑटो पार्ट्सच्या दुकानात न्या, बहुतेक दुकानं फुकट घेतात. जुनं पेट्रोल ती घेत नाहीत. ते काउंटीच्या घातक कचऱ्याच्या ठरलेल्या दिवशी द्यावं लागतं.

३. डेक, म्हणजे पात्यावरचं आवरण. योग्य बाजू वर करून मोअर कलंडवा, खाली लाकडी ठोकळ्याचा आधार द्या. आत चिकटलेलं गवत लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या उलथन्याने खरवडा. ओलं गवत हिवाळाभर पत्र्याला चिकटून राहिलं की गंज तिथूनच सुरू होतो. पाण्याचा पाइप मारायचा मोह होतो, तो आवरा. डेकला पाण्याची जोडणी असेल तर गोष्ट वेगळी, पण इंजिनावर पाणी मारू नका.

४. पातं. जाड हातमोजे घाला. काढण्याआधी फोनवर फोटो काढा, आणि पात्याच्या जमिनीकडच्या बाजूला खडूने खूण करा. पातं उलटं बसवलं तर मोअर चालतो, आवाज नेहमीसारखाच येतो, फक्त गवत कापलं जात नाही. असा "बिघाड" घेऊन दुकानात गेलेले लोक मला माहीत आहेत. पातं आणि डेक यांच्यात लाकूड अडकवा, म्हणजे पान्याने बोल्ट सोडवताना पातं फिरणार नाही.

धार लावायला कानस पुरते. मूळ धारेचा जो उतार आहे तोच धरून एकाच दिशेने घासा. दाढी करण्याएवढी धार नको. लोणी कापायच्या सुरीपेक्षा थोडी जास्त असली की झालं. फार बारीक धार पहिल्याच खड्याला दुमडते. मग भिंतीतल्या खिळ्यावर पातं मधल्या भोकाने अडकवा. एक बाजू खाली गेली तर त्या बाजूचं लोखंड अजून थोडं घासा, धारेच्या नव्हे, टोकाच्या पाठीकडून. तोल नसलेल्या पात्याने इंजिन थरथरतं आणि त्याचा दांडा झिजतो. वाकलेलं किंवा तडा गेलेलं पातं ठोकून सरळ करू नका, फेकून द्या. बसवताना बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळा. त्यासाठी टॉर्क पाना शेजाऱ्याकडून मागून आणला तरी चालेल.

५. प्लग आणि फिल्टर. कागदी एअर फिल्टर हलकेच आपटून धूळ झाडा. उजेडासमोर धरून पलीकडचा उजेड दिसत नसेल तर नवा घ्या. कागदी फिल्टर पेट्रोलने धुऊ नका. प्लग काढल्यावर त्या भोकातून चमचाभर नवं ऑइल सोडा, दोरी सावकाश दोन-तीन वेळा ओढा, म्हणजे ऑइल सिलिंडरच्या भिंतीला पसरेल. मग नवा प्लग हाताने आटे नीट बसवून घट्ट करा. बरेच लोक वर्षाला एक प्लग बदलतात, तो फारसा महाग नसतो. प्लगच्या फटीचं माप बऱ्याच इंजिनांत ०.०३० इंचाच्या आसपास असतं. तुमचं बघून घ्या.

शेवटी दोरी सावकाश ओढा आणि जिथे अडल्यासारखी लागेल तिथे सोडा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, म्हणून ओलसर हवा आत जात नाही. प्लगची टोपी मात्र जोडू नका, वसंतापर्यंत तशीच राहू द्या.

टाकी रिकामी की भरलेली?

यावर दोन पक्ष आहेत आणि दोघांकडेही मुद्दा आहे. रिकामी ठेवणाऱ्यांचं म्हणणं वर सांगितलंच. भरलेली ठेवणारे म्हणतात, ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घाला, इंजिन ५-१० मिनिटं बाहेर चालवा म्हणजे ते मिश्रण कार्ब्युरेटरपर्यंत जाईल, आणि टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा. तशी भरली की हवेला जागा राहत नाही, पाणी शिरत नाही, रबरी वॉशर सुकून आक्रसत नाहीत. जुन्या लोखंडी टाकीच्या मोअरला हे नक्कीच चांगलं, कारण रिकामी लोखंडी टाकी आतून गंजते.

मी निवाडा जागेवरून करतो. मोअर घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये राहणार असेल, आणि तिथे गॅसचा वॉटर हीटर किंवा फर्नेस असेल, तर टाकी रिकामी करा, दुसरा विचार नको. मागच्या अंगणात वेगळी शेड असेल तर स्टॅबिलायझरचा मार्ग कमी कष्टाचा आहे. सगळ्यात वाईट म्हणजे मधला मार्ग: अर्धी टाकी, जुनं पेट्रोल, स्टॅबिलायझर नाही. स्टॅबिलायझर नव्याला जुनं होण्यापासून थोपवतो, जुन्याला नवं करत नाही.

ठेवायचा कुठे

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता फरशीवरून पाण्यासारखी सरकते आणि वॉटर हीटरच्या तळाशी असलेल्या पायलटच्या ज्योतीपर्यंत पोचते. डबा "घट्ट बंद आहे" यावर भरवसा ठेवू नका. उन्हात डबा फुगतो, झाकणातून थोडी वाफ सुटतेच. गॅरेजमध्ये ज्योतीचं उपकरण असेल तर डबा तिथे ठेवू नका. तळघरात पेट्रोल असलेला मोअर किंवा डबा कधीच नको, कितीही कमी दिवसांसाठी असला तरी.

मोअर गरम असताना गॅरेजमध्ये ढकलू नका, त्यावर कपडाही टाकू नका. सायलेन्सर पुरता थंड व्हायला बराच वेळ लागतो, आणि त्यावर सुकं गवत चिकटलेलं असतं. जागा वाचवायला मोअर उभा करून ठेवायचा असेल तर तो त्यासाठीच बनलेला आहे का ते पाहा. सगळे मोअर तसे नसतात, नसलेला उभा केला तर पेट्रोल-ऑइल गळतं.

टाउनहाउसमध्ये राहत असाल तर घरमालक संघटनेचे नियम वाचा. काही ठिकाणी गॅरेजमध्ये पेट्रोल साठवायलाच मनाई असते. जागा लहान, हिरवळ दोन चटयांएवढी आणि ठेवायला फक्त जोडलेलं गॅरेज, अशी स्थिती असेल तर हा मोअर मेल्यावर पुढचा बॅटरीचा घ्या असंच मी सांगेन. पेट्रोलच्या मोअरचं कौतुक मला आहे, पण तेवढं नाही.

पाडव्याच्या सुमारास उठवताना

कव्हर काढलं की आधी उंदराचं घर शोधा. हिवाळ्यात इंजिनाच्या आवरणाखाली, थंड करणाऱ्या पट्ट्यांमध्ये, उंदीर कापूस आणि सुकी पानं भरून ठेवतात. तसंच सुरू केलं तर इंजिन तापून जळतं. मग ऑइलची पातळी, ताजं पेट्रोल, प्लगची टोपी, आणि दोरी. पहिल्या मिनिटाला थोडा पांढरा धूर येईल, ते सिलिंडरमध्ये घातलेलं ऑइल आहे, घाबरू नका.

सुरू झालाच नाही तर या क्रमाने बघा:

- पेट्रोलचा वास दरवळतोय आणि प्लग ओला आहे: ओव्हरफ्लो झालंय. चोक बंद करा, पंधरा मिनिटं चहा घ्या, मग पुन्हा ओढा.
- प्लग कोरडा आहे: पेट्रोल पोचत नाही. फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा द्या, फिल्टर बसवा आणि ओढा. सुरू होऊन लगेच बंद पडला तर ठिणगी ठीक आहे, जेट बुजलंय.
- काळा धूर येतोय: चोक अडकलाय किंवा फिल्टर भरलाय.
- गेल्या मोसमात झाडाच्या मुळावर किंवा दगडावर पातं जोरात आदळलं होतं, आणि आता दोरी झटका देते किंवा इंजिन पकडत नाही: फ्लायव्हीलखालची छोटी चावी तुटली असणार. ती मुद्दामच मऊ धातूची बनवतात, म्हणजे आदळल्यावर ती तुटेल आणि मुख्य दांडा वाचेल. ती चावी स्वस्त असते, पण फ्लायव्हील काढायची सवय नसेल तर दुकानात न्या.

घरातली माणसं

मे ते ऑक्टोबर म्हणजे आई-बाबा येण्याचा काळ. दुपारी घरात कंटाळलेले बाबा मोअर बाहेर काढतात. पायात चप्पल, अंगात बनियन. प्रेमाने, पण ठाम सांगा: बंद बूट, लांब पँट आणि कानाला मफ. तेवढा आवाज तासभर ऐकला की कानांना त्रास होतो. उतारावर ढकलायचा मोअर आडवा चालवायचा, चढ-उताराच्या दिशेने नाही. पाय घसरला तर मोअर पायावर येऊ नये म्हणून. मागे ओढत चालवणं टाळा. ओल्या गवतावर नकोच.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे की ढकलायचा मोअर १२ वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये आणि बसून चालवायचा १६ वर्षांखालच्या. कापणी चालू असताना ६ वर्षांखालची मुलं घरातच असावीत. पात्याखालून उडालेला खडा किती लांब जातो याचा अंदाज येत नाही. आधी अंगणात फिरून खडे, काड्या, मुलांची खेळणी उचला.

तुमचे हक्क

"बाहेर ऑइल बदललंत, वॉरंटी गेली," असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. १९७५च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, फक्त आमच्याच ब्रँडचा भाग वापरा नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट कंपनीला सहसा घालता येत नाही, तो भाग ती फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. स्वतः ऑइल बदललं म्हणूनही वॉरंटी रद्द होत नाही. पण तुमच्या चुकीने जे बिघडलं ते मात्र वॉरंटीत येत नाही. जुन्या पेट्रोलने बुजलेला कार्ब्युरेटर बहुतेक वॉरंट्यांतून वगळलेला असतो. म्हणून ऑइल, प्लग, फिल्टरच्या पावत्या आणि तारखा जपून ठेवा, फोनवर फोटो असले तरी पुरे.

मोअर घेतल्यावर कंपनीकडे नोंदणी करा. सुरक्षेसाठी काही माल परत बोलावला तर कळवतील, आणि त्यातला उपाय तुमच्यासाठी फुकट असतो. जुना किंवा कुणाकडून घेतलेला मोअर असेल तर मॉडेल नंबर ग्राहक सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर टाकून बघा. भाड्याच्या घरात राहत असाल तर गवताची जबाबदारी कुणाची हे भाडेपत्रात वाचा, कारण अनेक शहरांत ठरावीक इंचांपेक्षा उंच गवताला दंड असतो आणि नोटीस घराच्या पत्त्यावर येते. कॅलिफोर्नियात मॉडेल वर्ष २०२४ पासूनच्या बहुतेक नव्या लहान इंजिनांना शून्य उत्सर्जनाची अट आहे. पण तुमच्या घरी असलेला पेट्रोलचा मोअर चालवायला राज्याच्या त्या नियमाची आडकाठी नाही.

दुकानात न्यायचाच असेल तर

हे सगळं करायला वेळ नाही, किंवा कानस हातात धरायची इच्छा नाही, यात गैर काही नाही. मात्र मोअर संक्रांतीच्या सुमारास दुकानात टाका. जानेवारीत दुकानं रिकामी असतात, काही जण थंडीत सवलतही देतात. न्यायच्या आधी टाकीत काय आहे आणि मागच्या मोसमात काय झालं होतं ते कागदावर लिहून हँडलला बांधा, आणि खर्चाचा अंदाज आधी लेखी मागा. एप्रिलमध्ये त्याच दुकानात दोन-तीन आठवड्यांची रांग असते, आणि तोवर अंगणातलं गवत गुडघ्याला लागलेलं असतं.